मिठीच्या काठावर जाण्याआधी

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

परवा मिठी नदीवरून आपलं वाजलं आणि तू तशीच गाडीत बसलीस. प्रबंधाचा विषय उत्तमच आहे गं. जुलैत पात्रात उतरून मापं घेणार म्हणालीस, तिथे माझा आवाज चढला.

कुर्ल्यात वाढलेल्या मुलीला हाच विषय सुचणार. पाऊस आणि भरती एका वेळी आली की उद्या शाळा बुडणार, हे तू चौथीपासून पेपरातला तक्ता बघून सांगायचीस आणि बाबा ते चाळभर सांगत सुटायचे. २६ जुलै २००५ चे सांताक्रूझचे ९४४ मिमी तुला पाढ्यासारखे पाठ. जुने नाले तासाला जेमतेम २५ मिमी पावसासाठी बांधलेले, हे कळलं तेव्हापासून तू गणिताला बसायला लागलीस. मीनामावशी अजून म्हणते, पोरीला गणित पावसाने शिकवलं.

आता रुरकीत शिकतेच आहेस, तर तिथला गंगेचा कालवा नीट बघ. तिथे पाणी एकाच दिशेने जातं, म्हणून पातळीवरून विसर्ग, म्हणजे सेकंदाला किती पाणी वाहतं ते, काढता येतो. मिठीच्या खालच्या टप्प्यात ते चालणार नाही. भरतीला पातळी चढते आणि विसर्ग घटतो, कधी प्रवाहच उलटा फिरतो. म्हणून दर पंधरा मिनिटांनी पातळी आणि वेग वेगवेगळे मोज, शेजारी भरतीची वेळ लिही. वेगमापक पृष्ठभागापासून एकूण खोलीच्या ०.६ पट खाली धरायचा. पिशव्या, चिंध्या पात्यांत अडकल्या की तो वेग कमी दाखवतो. दर वाचनाआधी पाती बोटाने फिरवून बघ. पुरात तो वापरूच नकोस. पुलावरून तरंगतं लाकूड सोड, ठरावीक अंतराला किती सेकंद लागतात ते मोज आणि आलेल्या वेगाला ०.८५ ने गुण. पुलावरून, मुक्ता. काठावरूनसुद्धा नाही, गाळाचा काठ पायाखालून खचतो.

आणि मॅनहोलमध्ये डोकावायचं नाही. हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाकाला त्याचा वास येईनासा होतो. प्राणवायू १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर कोणीही आत जायचं नाही, धाडसी मित्रानेही नाही.

पुन्हा शिकवत बसले, रागावू नकोस. पर्जन्य जलवाहिन्या खात्यात जन्म गेला तरी तुझ्यासारखे प्रश्न मला कधी पडले नाहीत. म्हणून तर तू ते विचारायला धडधाकट हवीस.

सरांना विचार, मोजणीला सोबत कोण असेल, दोर आणि चार वायूंचा मीटर विभाग देईल का. त्यांचं उत्तर कळव. जुलैतल्या ४.५ मीटरवरच्या भरतींच्या तारखा मी काढून पाठवते. त्या दिवशी पूल सोडायचा नाही.

तुझी,
आई