पोरीच्या सुईचं बापालाही सांगा

महोदय,

मागच्या महिन्यात आमच्या गावच्या शाळेत एचपीव्ही लसीची सभा झाली. एचपीव्ही या विषाणूमुळे बायांना गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो, तो टाळणारी ही लस. आठवी-नववीच्या मुलींना एका वर्गात बसवलं, मुलांना मैदानावर पिटाळलं आणि दार लावून घेतलं. सांगायला आलेल्या ताईंनी जीव तोडून सांगितलं. पण बंद दारातून बाहेर पडली ती अफवाच. दिवेलागणीपर्यंत गावभर झालं, 'पोरीयले लेकरू न व्हायची सुई देऊन रायले.' दुसऱ्या दिवशी बरीचशी संमतीपत्रं कोरीच परत आली. त्यावर सही करायची बापाने, आणि बापाला कोणी काही सांगितलेलंच नाही!

मी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. भिंतीवरच्या फलकावरचा 'गर्भाशयमुखाचा कर्करोग' हा शब्द आमच्याकडे वाचता येतो, कळत नाही. बाया 'पिशवी' म्हणतात. 'पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर' म्हटलं की कापूस वेचणारी बाईही हात थांबवून ऐकते, हे मी पाहिलं आहे.

माझ्या जाऊबाईंची पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती. पुन्हा लाल जाऊ लागलं, तर म्हणाल्या, उष्णता झाली असेल. वर्षभर धने-जिऱ्याचं पाणी प्यायल्या. नागपूरला नेलं तेव्हा आजार पिशवीबाहेर पसरला होता. नवरा सोडून परपुरुषाकडे मान वर करून न पाहिलेली बाई ती. हे मुद्दाम लिहिते, कारण 'हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो' एवढं अर्धवट कानावर पडलं की बाप म्हणतो, 'आमची पोरगी तसली नाही.' अहो, धनुर्वाताची सुई घेताना पोरगं खिळ्यावर पाय देणारच आहे, असं कोणी म्हणतं का? संसारात पडलेल्या बहुतेक बाया-पुरुषांना हा विषाणू कधी ना कधी गाठतोच. बहुतेकांचं शरीर वर्ष-दोन वर्षांत तो घालवून टाकतं. काही जणींत मात्र तो ठाण मांडून बसतो आणि पंधरा-वीस वर्षांनी कॅन्सर होऊन वर येतो. शरीरात शिरलेल्या विषाणूवर लसीचा इलाज चालत नाही, म्हणून ती ९ ते १४ या वयात द्यायची.

लेकरू न होण्याचं म्हणाल, तर या लसीत जिवंत विषाणू नसतोच. त्याच्या कवचासारखं नुसतं प्रथिन असतं. सुई दंडात. टोचल्यावर पंधरा मिनिटं बसवून ठेवतात, कारण या वयातल्या मुलींना सुईच्या धास्तीनेही भोवळ येते. एकीला आली की गावात दुसरी अफवा तयार! पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के विषाणूच्या १६ आणि १८ या दोन प्रकारांमुळे होतात, आणि लस या दोन्हींना अडवते. पुण्यात तयार झालेली 'सर्व्हाव्हॅक' २०२३मध्ये बाजारात आली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२पासून या वयात एक डोसही चालेल असं सांगितलं आहे.

आता मैदानावर पिटाळलेल्या मुलांचं. विषाणू पुरुषही वाहतो, त्यालाही घशाचा कॅन्सर होऊ शकतो. मग त्या तासाला पोरं कबड्डी का खेळत होती?

आयांचंही राहूनच जातं. तिशी ओलांडलेल्या बाईची पिशवीच्या तोंडाची तपासणी व्हायला हवी. लस घेतलेल्या मुलीलाही पुढे ती चुकत नाही. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या खेड्यांत लाखावर बायांचा अभ्यास झाला होता. तिथे एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनेही या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, असं २००९मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्याच राज्यातली गोष्ट, आणि आमच्या बायांना ठाऊक नाही.

आरोग्य खात्याला विनंती एवढीच, की पुढची सभा दुपारी शाळेत नको. तेव्हा आईबाप वावरात असतात. संध्याकाळी सातनंतर पारावर घ्या, बाप्यांना पुढे बसवा आणि 'पिशवी' हाच शब्द वापरा. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा म्हणून मी सरपंचांकडे अर्ज दिला आहे. अर्ज वाचून ते जरा लाजले, पण पोच दिली.

– एक निवृत्त शिक्षिका, जि. यवतमाळ