सच्या, रँकिंग राहू दे, पैसा कुठून येतो ते बघ

प्रिय सच्या,

तुझा मेल वाचला, दोनदा वाचला, आणि व्हॉट्सॲपवर उत्तर टाकायला गेलो तर इतकं लांबायला लागलं की म्हणलं सरळ पत्रच लिहू, तसंही तुला वाचायला आवडतं आणि मला पाल्हाळ लावायला.

तू विचारलंयस की मातीत पीएचडी करायची तर अमेरिकेत कुठली युनिव्हर्सिटी चांगली, रँकिंगची लिस्ट पाठव. लिस्ट पाठवत नाही. कारण इथं येऊन जे कळलं ते असं, की आपल्यासारख्याने आधी युनिव्हर्सिटी बघायचीच नाही, आधी माणूस बघायचा, आणि माणसाच्याही आधी त्याच्याकडे पैसा कुणाचा आहे आणि किती वर्षांचा आहे ते बघायचं. ऐकायला लई व्यापारी वाटतं, मला माहितेय. पण थांब, नीट सांगतो.

मी आहे ते अर्बाना-शॅम्पेनला, इलिनॉय राज्याची युनिव्हर्सिटी. शिकागोपासून गाडीने दोन-अडीच तास दक्षिणेला, आणि त्या अडीच तासांत खिडकीतून मका आणि सोयाबीन सोडून काही दिसत नाही. दोन गावं एकमेकाला चिकटलेली, मधून राइट स्ट्रीट जातो, रस्त्याच्या या बाजूला अर्बाना, त्या बाजूला शॅम्पेन, आणि दोन्हींवर युनिव्हर्सिटी पसरलेली. पोरं किती असतील? साठ हजाराच्या आसपास. राहुरीच्या कृषी कॉलेजात आपल्याला एकमेकांचे रोल नंबर पाठ असायचे, इथं माझ्याच डिपार्टमेंटमधले सगळे चेहरे मला ओळखीचे नाहीत.

पब्लिक म्हणजे सरकारी, म्हणजे स्वस्त, असा जो आपला समज आहे ना, तो इथं उंबऱ्यावरच काढून ठेवायचा. इलिनॉयमधल्या पोराला एक फी, बाहेरच्या राज्यातल्याला त्याच्या दुपटीच्या आसपास, आणि आपल्याला त्याहून थोडी चढीच. राज्य सरकारचा पैसा एकूण बजेटच्या मानाने थोडा. मग एवढा डोलारा चालतो कशावर, तर फी, आणि रिसर्चचे ग्रँट्स. म्हणजे ह्या सगळ्याला युनिव्हर्सिटी म्हणतात खरं, पण निम्मा कारभार एखाद्या मोठ्या कारखान्यासारखा आहे, ऑर्डर आली तर शिफ्ट लागणार.

त्या शिफ्टमधले कामगार म्हणजे आपण. पीएचडीवाला इथं अर्धा विद्यार्थी, अर्धा नोकर. तुला जे लेटर येईल त्यात लिहिलेलं असतं 50 टक्के अपॉइंटमेंट, म्हणजे आठवड्याला 20 तास काम. एक तर प्रोफेसरच्या प्रोजेक्टवर काम करायचं, ती आरए, म्हणजे रिसर्च असिस्टंटशिप. नाहीतर बॅचलरच्या पोरांना शिकवायचं, पेपर तपासायचे, ती टीए, म्हणजे टीचिंग असिस्टंटशिप. त्याच्या बदल्यात ट्यूशन माफ, दर महिन्याला स्टायपेंड, आणि इन्शुरन्सला हातभार. व्हिसासाठी बँकेत एवढे पैसे दाखवा हे जे असतं ना, तेही ह्या लेटरवरच भागतं. आणि व्हिसाचा नियम असा की सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर 20 तासांच्या वर काम करता येत नाही, म्हणजे वरकड कमाईचा विचारही नको. (कागदावर 20 तास हां. स्वतःच्या थिसिसचं काम आणि प्रोजेक्टचं काम एकच असलं की तास कोण मोजतो.) एवढं असूनही काही फुटकळ फिया आपल्या खिशातून जातात, त्याचं बिल सेमिस्टरच्या सुरुवातीला, पहिला पगार हातात यायच्या आत येतं, तेव्हा सुरुवातीला लागतील तेवढे पैसे घेऊनच निघ.

ही ट्यूशनची माफी किती नाजूक गोष्ट आहे ते बघ, 2018 साली फेब्रुवारी-मार्चमध्ये इथल्या ग्रॅज्युएट कामगारांच्या युनियनने संप केला होता, मुख्य मुद्दा तोच, की माफी करारात पक्की लिहून द्या. मी तेव्हा नव्हतो पण त्याच्या गोष्टी अजून ऐकायला मिळतात. विद्यार्थ्यांची युनियन म्हणजे आपल्याकडे गॅदरिंग आणि इलेक्शन, इथं ती पगाराची बोलणी करते, मी वर्गणी भरतो आणि तूही भर.

आता पैसा कुणाचा ते कसं बघायचं. ही पब्लिक युनिव्हर्सिटी असल्यामुळे एक मजा आहे, इथल्या प्राध्यापकांचे आणि वरच्या स्टाफचे पगार दरवर्षी जाहीर होतात, ग्रे बुक म्हणतात त्याला, नेटवर बसल्या बसल्या नाव टाकून बघता येतो. राहुरीत आपण सरांच्या पगाराबद्दल कँटीनमध्ये पैजा लावायचो, आठवतंय? इथं पैज लागतच नाही. फुटबॉलच्या कोचचा पगार एकदा बघितला आणि मग माझ्या गाईडचा बघितला, त्यावर जास्त बोलत नाही, मातीचा माणूस आहे बिचारा. पण शनिवारी मेमोरियल स्टेडियमवर सगळा गाव केशरी-निळा होतो आणि अर्धं स्टेडियम 'आय-एल-एल' ओरडतं, उरलेलं 'आय-एन-आय', तेव्हा कोचला का देतात ते कळतं. पटत नाही, पण कळतं.

पगारापेक्षा कामाची गोष्ट म्हणजे ग्रँट. एनएसएफ, म्हणजे विज्ञानाच्या संशोधनाला पैसा देणारी इथली केंद्र सरकारची संस्था, तिच्या साइटवर अवॉर्ड सर्च आहे, तिथं प्रोफेसरचं नाव टाक, प्रोजेक्टचं नाव, रक्कम, सुरू कधी, संपणार कधी, सगळं समोर येतं. शेतीवाल्यांचा पैसा बहुतेक यूएसडीएकडून, म्हणजे केंद्राच्या शेती खात्याकडून, त्यांचेही प्रोजेक्ट असेच शोधता येतात. संपायची तारीख पुढच्या वर्षीची असेल तर त्याला विचारायचं, की सर, त्यानंतर मला कशावर ठेवणार? हे विचारायला लाजू नको, इथं हा प्रश्न कुणाला लागत नाही, उलट पोरगं शहाणं आहे असं वाटतं. ग्रँटचा सगळा पैसा प्रोफेसरच्या हातात पडतो असंही नाही, युनिव्हर्सिटी त्यावर ओव्हरहेड लावते, वीज, बिल्डिंग, ऑफिस असल्या खर्चाच्या नावाने, कुठली एजन्सी त्याप्रमाणे कमी-जास्त, पण आकडा बघून आपल्या डोळ्यांत पाणी येईल असा.

आणि पैसा आटतो तेव्हा काय होतं तेही सांगतो. इथंच सोयाबीन इनोव्हेशन लॅब होती, आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांसाठी सोयाबीनवर काम, पैसा यूएसएडचा, म्हणजे परदेशांना मदत देणाऱ्या अमेरिकन सरकारी संस्थेचा. 2025 च्या सुरुवातीला सरकारने यूएसएडच गुंडाळायला घेतली, झालं, लॅबला टाळं लावायची वेळ आली आणि माणसं घरी गेली. नंतर कुणा अनामिक दात्याने पैसे दिले म्हणून थोडंफार काम वाचलं. त्यांचं काम वाईट होतं का? अजिबात नाही. युनिव्हर्सिटीचं रँकिंग पडलं होतं का? तेही नाही. म्हणून म्हणतो लिस्ट मागू नको.

बरं, एवढं ऐकून घाबरू नको, कारण ह्याच जागेत असं काहीतरी आहे की माझ्यासारख्या मातीवाल्याचा जीव अडकतो. कॅम्पसच्या ऐन मधोमध, म्हणजे लायब्ररी आणि लेक्चर हॉलच्या शेजारी, एक छोटंसं मक्याचं शेत आहे. मॉरो प्लॉट्स. 1876 पासून तिथं प्रयोग चालू आहे, अमेरिकेतला सगळ्यात जुना. एका तुकड्यात तेव्हापासून दरवर्षी मकाच, शेजारी पिकांची फेरपालट, पुढं अजून लांब फेरपालट, आणि त्यातही काही भागाला खत, काहीला काहीच नाही. जुलैत तिथं उभा राहा, कायम मका आणि खत शून्य असलेला मका पिवळट, किडमिडीत, आणि दोन पावलं पलीकडचा काळपट हिरवा, डोक्याच्या वर गेलेला. फेरपालट आपण एमएस्सीला परीक्षेपुरती लिहिली रे, इथं ती बसमधून उतरल्यावर दिसते. आणि ह्या शेताशेजारी 1969 ला उघडलेली अंडरग्रॅज्युएट लायब्ररी बांधायची होती तेव्हा मक्यावर सावली पडायला नको म्हणून अख्खी लायब्ररी जमिनीखाली बांधली! आपल्याकडे प्रयोगाच्या प्लॉटवर स्टाफ क्वार्टर बांधतात.

हे असं का, तर ही लँड ग्रँट युनिव्हर्सिटी. 1862 चा मॉरिल कायदा, लिंकनच्या सहीचा, त्यात केंद्राने राज्यांना जमीन दिली, ती विका आणि शेती नि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं काढा. इलिनॉयच्या वाट्याला 4 लाख 80 हजार एकर. ती जमीन मूळच्या आदिवासी जमातींकडून हिसकावलेली, हे आता इथं उघडपणे बोलतात, परत द्यायचं मात्र कुणी फारसं बोलत नाही. पुढं 1887 ला हॅच कायद्याने प्रयोग केंद्रं आली, 1914 ला स्मिथ-लिव्हर कायद्याने विस्तार आला, म्हणजे संशोधन शेतकऱ्यापर्यंत पोचवायचं काम. शिक्षण, संशोधन, विस्तार. ओळखीचं वाटतंय ना? राहुरीच्या गेटमधून आत शिरल्यापासून जे ऐकत आलो तेच. 1960 चं पंतनगरचं कृषी विद्यापीठ ह्याच इलिनॉयच्या मदतीने उभं राहिलं, आणि महाराष्ट्रासाठी पेन स्टेट, म्हणजे पेनसिल्व्हेनियाच्या युनिव्हर्सिटीची माणसं आली होती, 1968 ला राहुरी झालं आणि मग अकोला, परभणी, दापोली वेगळी झाली. म्हणजे आपण ज्या साच्यातून निघालो त्याच्या मूळ कारखान्यात मी येऊन बसलोय. रवींद्रनाथ टागोरांचा मुलगा रथींद्रनाथ 1906 ला शेती शिकायला इथंच आला होता. आणि आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे! गदर पार्टीचे क्रांतिकारक, ते ओरेगॉन आणि वॉशिंग्टनच्या असल्याच सरकारी कृषी कॉलेजात शिकले आणि पुढं मेक्सिकोत जाऊन मक्यावर काम केलं. आपल्याला कुणी सांगितलं होतं का रे हे? कृषी विद्यापीठात सहा वर्षं काढली आपण.

माझं काम विचारलं होतंस. इथली माती काळी, पण आपल्यासारखी नाही. आपली काळी उन्हाळ्यात भेगाळते आणि सेंद्रिय कर्ब बघायला गेलं तर अर्धा टक्का आला तरी खूश व्हायचं. इथली काळी आहे ती सेंद्रिय पदार्थामुळेच काळी, गवताळ माळाखाली हजारो वर्षं साठलेली. ड्रमर नाव तिचं, आणि 2001 पासून ती राज्याची अधिकृत माती आहे. फक्त मूळची दलदल, पाणी हटत नाही, म्हणून जमिनीखाली तीन-चार फुटांवर पाईप टाकलेत, त्याला टाइल म्हणतात, सगळ्या शेतांखाली जाळं. त्या पाईपातून पाण्याबरोबर नायट्रेट, म्हणजे पाण्यात विरघळणारं नत्र, जातं, ओढ्यात, नदीत, मिसिसिपीत, आणि शेवटी मेक्सिकोच्या आखातात, तिथं शेवाळ माजून ऑक्सिजन संपतो. राज्याने 2015 ला ठरवलं की हे 45 टक्क्यांनी कमी करायचं. ते कसं करायचं त्याच्या एका कोपऱ्यावर माझी पीएचडी.

म्हणजे प्रत्यक्षात काय, तर एप्रिलमध्ये रात्री पाऊस पडला की सकाळी डिपार्टमेंटची पिकअप घेऊन निघायचं, शेताच्या कडेच्या चरात उतरायचं, पाईपाच्या तोंडाशी ऑटोसॅम्पलर, म्हणजे आपोआप पाण्याचे नमुने घेणारं यंत्र, बसवलेला असतो त्यातल्या बाटल्या काढायच्या, प्रत्येकीवर मार्करने तारीख-वेळ, बर्फाच्या पेटीत टाकायच्या, नवीन बाटल्या लावायच्या. वारा असा की ग्लोव्ह्ज काढले तर मार्कर धरता येत नाही आणि घातले तर लिहिता येत नाही. लॅबमध्ये येऊन गाळायचं आणि मशीनला लावायचं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट-नायट्रोजन लिटरला 10 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, आणि मका पेरायच्या आधी खत टाकलेल्या शेताखालचं पाणी त्याच्या वर सहज जातं. पाणी दिसायला काचेसारखं स्वच्छ बरं का. शेतमालक म्हातारा कधीकधी ट्रॅक्टरवरून उतरून विचारतो, किती आला आकडा? मी सांगतो, तो 'हं' म्हणतो आणि जातो. त्याला राग येत असेल का, मला अजून कळलेलं नाही, पण शेत त्याने आपणहून दिलंय.

टीएही केलीय मी, माती विषयाच्या पहिल्या कोर्सची. आमच्या कोर्सची पोरं आटोक्यातली, पण फिजिक्स-केमिस्ट्रीच्या लेक्चरला शेकड्यांनी पोरं, प्रोफेसर लांब ठिपक्याएवढा, आणि पोरं हातातल्या क्लिकरने उत्तरं देतात. ते आयक्लिकर ह्याच युनिव्हर्सिटीच्या फिजिक्सवाल्यांनी काढलंय. एवढ्या गर्दीत पोराला नावाने ओळखणारा एकच माणूस, टीए. म्हणून इंग्रजी बोलण्याची परीक्षा घेतल्याशिवाय टीए देत नाहीत. तुझं इंग्रजी चांगलंय, वेग कमी कर फक्त.

एकटं वाटतं का, असं काकूंनी विचारायला सांगितलंय ना? जानेवारीत वाटतं. पाचच्या सुमारास अंधारून यायला लागतं, उणे वीसला नाकातले केस गोठतात. त्यांना फक्त थंडीचं सांग, बाकी पोरगं खातंय-पितंय म्हण.

आता काम. डिसेंबरच्या आसपास बऱ्याच ठिकाणी डेडलाइन असते, म्हणून सप्टेंबरातच मेल सुटायला हवेत. आधी पाच-सहा प्रोफेसर शोध, नावासमोर ग्रँट कुणाची आणि संपते कधी ते लिही, एक्सेलमध्ये. पेन स्टेट, पर्ड्यू, आयोवा स्टेट, विस्कॉन्सिन, सगळीकडे बघ, इलिनॉयच पाहिजे असा हट्ट नको. मेलमध्ये 'रिस्पेक्टेड सर' आणि बालपणापासूनची मातीची ओढ वगैरे टाकू नको, तू थिसिसला काय मोजलंस आणि काय निघालं ते चार ओळीत टाक, तुझा पालाशचा डेटा चांगला आहे, तोच पुढं कर. एक्सेल आणि पहिला ड्राफ्ट मला पाठव, लाल करून परत देतो. रविवारी तुमच्याकडे रात्र झाली की फोन कर, मी तोवर उठलेला असतो.

तुझा,
नित्या