ताप लपवू नकोस रे बाळा

शनिवार, २२ जानेवारी २०२२

बाळा,

काल रात्री फोनवर तू तीनदा खोकलास आणि तिन्ही वेळा फोन बाजूला धरलास, मला कळत नाही असं वाटतं का तुला. मग मागून छोटी बोलली की बाबाला ताप होता, आणि तू लगेच विषय बदललास, मोहोर कसा आहे यंदा म्हणून विचारलंस. मोहोर बरा आहे. तुझा ताप किती होता ते सांग.

फोनवर काही बोलायला गेलं की तू हो आई बघतो म्हणून ठेवून देतोस, म्हणून लिहायला बसले. अंगणवाडीची रजिस्टरं झाली, आप्पा झोपलेत, पडवीच्या कोपऱ्यात रेंज आहे तोवर पाठवते.

सूनबाई म्हणाली मेडिकलमधून किट आणून घरीच कोरोनाची टेस्ट केलीस, एकच रेघ आली म्हणून सोमवारपासून कामाला जाणार. अरे ती अँटिजेन. पंधरा मिनिटात उत्तर देते खरं, पण नाकात विषाणू भरपूर असला तरच पकडते, नाहीतर सुटतं तिच्या हातून. पॉझिटिव्ह दाखवलं तर पॉझिटिव्ह धरून चालायचं, पण अंगात ताप आहे आणि किट निगेटिव्ह म्हणतंय तर लॅबमधली आरटीपीसीआर टेस्ट करायची, हे आयसीएमआरनेच, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेनेच सांगितलंय, आईने मनाने काढलेलं नाही.

तुला मे २०२० आठवतो ना. ई-पास काढून आलास आणि वाडीतल्या मराठी शाळेत चौदा दिवस राहिलास, ज्या वर्गात तू बाराखडी शिकलास तिथेच बाकं एका बाजूला लावून तुम्ही चाकरमानी अंथरूण टाकून झोपायचात. मी पायरीवर पेजेचा डबा ठेवून मागे सरकायचे, मग तू येऊन उचलायचास. तेव्हा रत्नागिरीत लॅब नव्हती, आपल्या जिल्ह्यातले स्वॅब मिरजेला जायचे आणि रिपोर्ट येईपर्यंत माणूस अर्धा व्हायचा. आता तुझ्या भांडुपमध्ये घराजवळ टेस्ट होते आणि तू एका किटवर विश्वास ठेवून गप्प बसतोस.

मला राग का येतो ते सांगते. 'माझे कुटुंब माझी जबाबदारी' ही सरकारची घरोघर तपासणीची मोहीम सुरू झाली सप्टेंबर २०२० ला, तेव्हा मी आणि गावातल्या आशा सेविका थर्मल गन आणि ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरलो. लोक काय काय करायचे, सांगू? आम्ही वळणावर दिसलो की आजारी माणसाला मागच्या दाराने परसात पाठवायचे, क्रोसिन घेऊन ताप उतरवून समोर बसायचे, का तर घरावर कागद चिकटेल, वाडी पाणी भरू देणार नाही, पोरीची सोयरीक मोडेल. मी त्यांना वाईट नाही म्हणणार, भीती खरी होती, वाडीनेही काहींशी नीट वागणूक ठेवली नाही. पण त्या लपवण्यात दिवस जायचे आणि ते परत मिळायचे नाहीत.

आणि मग माझ्याच घरात तेच झालं. आप्पांना मार्च २०२१ पासून सांगत होते लस घ्या, साठीच्या वरच्यांची सुरू झाली होती, तर म्हणाले आंब्याचा सीझन जाऊ दे. मे महिन्यात अंग दुखायला लागलं तेही मला सांगितलं नाही, कलमांवरून पेट्या उतरवत राहिले. चार दिवस! मी दुसऱ्यांच्या घरी जाऊन ताप विचारत होते आणि माझ्या घरातला ताप मला माहीत नव्हता. १६ मेला तौक्ते चक्रीवादळ आलं, कलमं आडवी झाली, वीज गेली, मोबाईलचा टॉवर गेला, आणि त्या रात्री बॅटरीच्या उजेडात मी त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. बसून ऑक्सिजन ९४. म्हणाले बघ, काही नाही झालेलं. मग ओटीवरच सहा मिनिटं चालवलं, ८८. १०८ ला फोन करायला रेंज नाही, रस्त्यात फणस पडलेला, वाडीतल्या पोरांनी करवतीने कापला तेव्हा शेजाऱ्यांच्या पिकअपमधून रत्नागिरीला नेलं. हे तुला मी तेव्हा सगळं सांगितलं नव्हतं, तू तिकडे एकटा घाबरशील म्हणून. म्हणजे लपवलं मीही, ते चुकलंच माझं. आज आप्पा घाटीच्या अर्ध्या चढात दोनदा टेकतात ते तू दिवाळीत बघितलंस, त्यातले काही श्वास त्या चार दिवसांत गेले असं मला वाटतं.

आता छोटीचं. सोमवारपासून मुंबईतल्या शाळा परत उघडतायत आणि तुम्ही संमतीपत्र द्यायचं की नाही यावर भांडताय. माझं म्हणणं विचारशील तर तिला पाठवा. पोरगी दुसरीत गेली आणि अजून वर्गातल्या बाकावर बसलेली नाही, तिला बाई मोबाईलएवढ्याच माहीत. माझ्या अंगणवाडीतली मुलं बघते ना मी, दोन वर्षं कोरडा शिधा घरपोच दिला पण पोरं एकमेकांत खेळली नाहीत, काही चार वर्षांची होऊनही आईचा पदर सोडत नाहीत. लहानांना लस नाही म्हणून तुला भीती वाटते, ती समजते मला, पण लहानांना हा आजार बहुतेक वेळा हलका जातो, आणि घरातल्या मोठ्यांचे दोन्ही डोस झालेत. फक्त या सोमवारी नको. तुझा रिपोर्ट येऊ दे, घरात कोणाला ताप नाही हे बघा आणि मग पाठवा, नाहीतर तुझा खोकला ती पूर्ण वर्गाला वाटून येईल.

पॉझिटिव्ह आलास तर सात दिवस घरात, आणि त्यातले शेवटचे तीन दिवस ताप नको. एका खोलीत तिघं आहात, वेगळं राहणं जमणार नाही हे मला माहीत आहे, तरी खिडकी उघडी ठेव, तू खिडकीकडे झोप, मास्क लाव, जेवण वेगळ्या वेळी घे. ऑक्सिजन दिवसातून तीनदा बघ, बोट गार असेल तर चोळून घे, सूनबाईला म्हणावं नेलपॉलिश काढून लाव, नाहीतर आकडा चुकतो. ९३ च्या खाली गेला किंवा चालून तीनने पडला तर वॉर्डच्या वॉर रूमला, म्हणजे महापालिकेच्या कोरोना मदत कक्षाला फोन कर, रात्र असली तरी कर. आणि मनाने अँटिबायोटिक घेऊ नकोस.

माझी काळजी करू नकोस, मला लसीचा तिसरा, प्रिकॉशन डोस मिळाला, हात एक दिवस दुखला एवढंच.

एसटीचा संप अजून चालूच आहे, पण वाडीतली एक गाडी मंगळवारी मुंबईला येतेय, तिच्यातून कुळथाचं पीठ, कोकमाचं आगळ आणि तांदूळ पाठवते. गरम पिठी पी दोन वेळा. डबा घ्यायला तू उतरू नकोस, दारात ठेवायला सांगते.

टेस्ट करून आलास की लगेच कळव, आणि रिपोर्टचा फोटो पाठव, मला वाचता येईल असा.

आई