करंडक नंतर द्या, आधी सरावाला जागा द्या

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

2025 साली आपल्या सरकारने सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला, याचा आम्हा वादकांना आनंदच झाला. आता ढोल-ताशा पथकांच्या राज्यभर स्पर्धा घ्याव्यात, मोठा करंडक ठेवावा, असं आमच्यातलेच काही जण म्हणतात. मी अठ्ठावीस वर्षं ताशा वाजवतोय. स्पर्धेला माझी ना नाही. पण स्पर्धेसाठी सराव लागतो आणि सरावासाठी जागा. पत्र त्यासाठी आहे.

पूर्वी पुण्यात विसर्जनाला ढोल यायचे ते मुळशी-मावळातून. भातलावणी उरकलेली गावकरी मंडळी ढोल-लेझीम घेऊन शहरात उतरायची. त्यांच्या गावच्या जत्रेत चढाओढ लागायची, आणि ती ऐकणाऱ्याला हात चुकलेला लगेच कळायचा. शहरातल्या शाळकरी पोरांच्या कमरेला ढोल आला तो ज्ञान प्रबोधिनीत, तिचे संस्थापक आप्पा पेंडशांच्या काळात. मग रमणबाग, गरवारे या शाळांची पथकं उभी राहिली. मुलीही ढोल बांधू लागल्या. ही सगळी पथकं शाळेच्या मैदानावर घडली. मैदान शाळेचं म्हटलं की सर उभे असणार, रांग मोडली की ओरडा बसणार, आणि ठरल्या वेळी ढोल खाली ठेवावा लागणार.

त्या शाळांतून बाहेर पडलेल्यांनी पुढे आपापली पथकं काढली. दोन हजारनंतर तर गल्लोगल्ली निघाली. त्यांना मैदान कोण देणार? ती गेली मुठेच्या पात्रात.

आमचंही तिथेच. वाद्यपूजन झालं की पत्र्याची शेड ठोकायची, कडेने हिरवी जाळी बांधायची, जनरेटर आणायचा. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बुडतो, आणि तो बुडायच्या आत आमचे ढोल वर आले पाहिजेत. एका वर्षी निरोप उशिरा आला. रात्री दोन वाजता गुडघाभर पाण्यातून आम्ही ढोल डोक्यावर घेऊन साखळी केली. त्यात कॉलेजच्या मुली होत्या, एक बँकेतले काका होते. तीन ढोल गेले. टोलची, म्हणजे पथकातल्या मोठ्या घंटेची, लोखंडी घोडी दुसऱ्या दिवशी चिखलात आडवी सापडली.

आवाजाबद्दल लोक चिडतात, ते खोटं नाही. नदीकाठच्या इमारतींत दहावी-बारावीची मुलं असतात, आजारी माणसं असतात. निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल. एक ढोल वाजला तरी ती ओलांडली जाते, मग साठ ढोलांचं काय बोलायचं! यात आमची एक चूक मी कबूल करतो. माझे उस्ताद मोहरमच्या मिरवणुकीतही ताशा वाजवायचे. त्यांच्या तांब्याच्या ताशाला चामड्याचं पान होतं. पावसाळी हवेत ते सैल पडून उतरायचं. मग कडेला कागद पेटवून ते शेकायचं, बोटाने टिचकी मारून सूर बघायचा, पुन्हा शेकायचं. तेवढ्यात बाकीच्यांच्या हातांना आणि रस्त्यालाही विश्रांती मिळायची. प्लास्टिकचं पान आलं आणि ते उतरायचंच बंद झालं. आवाज कर्कश झाला, आणि वाजवणारा थांबेना. त्यात जो तो ढोलांचा आकडा सांगू लागला: आमचे शंभर, तुमचे किती?

म्हणून 2024 मध्ये हरित लवादाने एका पथकात तीसच जण, अशी मर्यादा घातली तेव्हा मला राग कमी आणि लाज जास्त वाटली. सर्वोच्च न्यायालयाने विसर्जनाच्या पाच दिवस आधी त्याला स्थगिती दिली आणि आम्ही पेढे वाटले. प्रश्न मात्र पात्रातच राहिला.

स्पर्धा घेणारच असाल तर अमेरिकेतली ड्रम अँड ब्युगल कोअरची, म्हणजे ड्रम आणि बिगुल वाजवत संचलन करणाऱ्या पथकांची, पद्धत एकदा बघा. पहिल्या महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांच्या संघटनांनी वस्त्यावस्त्यांत ही पथकं काढली. 1972 पासून त्यांची एक राष्ट्रीय स्पर्धा होते. आज तिथे गुण शंभरपैकी असतात: एकूण परिणामाला 40, हालचालींना 30, संगीताला 30. किती जोरात वाजवलं याचा वेगळा रकाना नाही. आपल्याकडे परीक्षकांनी हात सुटला का, ताशा-ढोल एकत्र पडतात का, ध्वजधाऱ्यांची रांग सरळ आहे का, हे बघावं. आणि ढोलांची संख्या मोजूच नये. तिकडची मुलं उन्हाळाभर गावोगाव फिरतात, शाळांच्या मैदानांवर सराव करतात आणि रात्री शाळेच्याच व्यायामशाळेत जमिनीवर झोपतात. मला हेवा वाटतो तो याचा.

आपल्या खात्याला फार पैसे घालवावे लागणार नाहीत. आषाढापासून गणपतीपर्यंत, संध्याकाळी सहा ते साडेआठ, वस्तीपासून लांबची सरकारी मैदानं आणि बंद पडलेल्या कारखान्यांच्या शेड पथकांना द्या. भाडं घ्या. अनामत घ्या. वेळ मोडली तर ती जप्त करा. नवशिक्यांना पहिले पंधरा दिवस जुन्या टायरवरच बडवायला लावू, तेवढी हमी मी देतो. परवानगी मात्र एका खिडकीवर मिळू द्या. गेल्या वर्षी तीन कार्यालयांनी मला एकमेकांकडे पाठवलं. चौथ्याने विचारलं, “ढोल म्हणजे नेमकं कोणत्या खात्याचं?”

उत्तर पावसाआधी आलं तर बरं. शेड अजून ठोकलेली नाही, पत्रे माझ्या जिन्याखाली आहेत, आणि आमच्यातल्या एकाचा टेम्पो आहे. जागा कळवा, ढोल दुसऱ्या दिवशी तिथे पोचवतो.

आपला,
एक ताशावादक, पुणे