सणाच्या दिवशी ऑ पेअर ड्युटीवर आहे की सुट्टीवर, ते आधी ठरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दर वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबर आला की अमेरिकेतल्या 'फॉल कलर्स'वर मराठी पेपरांत काही ना काही येतं, लाल-पिवळी झाडं, भोपळ्यांच्या शेतातले फोटो, हॅलोवीनचे कपडे घातलेली पोरं. मी ते आवडीने वाचते. पण इथल्या बऱ्याच मराठी घरांच्या त्या फोटोंत मुलांचा हात धरून उभी असलेली वीस-बावीस वर्षांची एक परदेशी मुलगी असते, तिच्याबद्दल कोणी एक ओळ लिहीत नाही, म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा, पण तासांचा हिशोब तेवढा कापू नका.

ती मुलगी म्हणजे ऑ पेअर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १८ ते २६ वयाची मुलं-मुली जे-१ या कल्चरल एक्सचेंज व्हिसावर एक वर्षासाठी येतात, हवं तर पुढे वाढवताही येतं, होस्ट फॅमिलीच्या घरी राहतात आणि त्यांची मुलं सांभाळतात. १९८६ पासून हा प्रोग्राम चालू आहे आणि परराष्ट्र खात्याच्या अखत्यारीत येतो. नियम साधे आहेत, आठवड्याला जास्तीत जास्त ४५ तास, दिवसाला जास्तीत जास्त १०, दर आठवड्याला दीड दिवस सुट्टी, महिन्यातून एक अख्खा विकेंड मोकळा, वर्षात दोन आठवडे पगारी रजा, राहणं-जेवण होस्टकडे आणि वर आठवड्याला किमान १९५.७५ डॉलर स्टायपेंड, शिवाय कोर्ससाठी ५०० डॉलरपर्यंत. काही राज्यांत यापेक्षा जास्त द्यावं लागतं, मॅसॅच्युसेट्समध्ये राज्याचं मिनिमम वेज लागू होतं. काम फक्त मुलांशी संबंधित, म्हणजे मुलांचं खाणं, मुलांचे कपडे, मुलांची खोली, त्यांना शाळेत-क्लासला सोडणं-आणणं.

आम्ही न्यू जर्सीत राहतो, आमच्याकडेही ऑ पेअर आहे, आणि ओळखीच्या मराठी घरांत हेच चित्र बघते, नवरा-बायको दोघं नोकरीला, आजी-आजोबा व्हिसाच्या मुदतीपुरते येऊन परत जाणार, मग ऑ पेअर. खूप जणी शाळा सुरू व्हायच्या आधी म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये येतात. पहिले दोन महिने सगळं नवं नवं असतं, उत्साहात निघून जातात, आणि ऑक्टोबर उजाडला की घरची आठवण यायला लागते, थंडी सुरू होते, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे गेली की संध्याकाळी पाचच्या आतच अंधारून येतं. कोलंबिया-ब्राझीलमधून आलेल्या मुलीने असं आयुष्यात कधी बघितलेलं नसतं. आणि नेमके याच दिवसांत एकामागून एक सण आणि शाळेच्या सुट्ट्या येतात.

आता नियम असा आहे की सरकारी सुट्टी असली म्हणून ऑ पेअरला आपोआप सुट्टी मिळत नाही. लेबर डे असो की थँक्सगिव्हिंग, त्या दिवशी ती काम करणार की नाही हे होस्ट फॅमिली ठरवते. इथेच सगळा घोळ होतो, कारण बहुतेक घरं ते ठरवतच नाहीत. 'अगं ती आमच्या घरातलीच आहे' असं म्हणतात, चांगल्या मनाने म्हणतात, पण मग पार्टीला पंचवीस माणसं जमली की घरातली म्हणून तीच सगळ्यांच्या पोरांकडे बघत असते आणि ते तास कुठेच मोजले जात नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे की सणाच्या दिवशी ती ड्युटीवर आहे की मोकळी आहे हे आठवडाभर आधी तिला स्पष्ट सांगा. ड्युटीवर असेल तर तास धरा, मोकळी असेल तर मुलं तुम्ही बघा, तिला खुशाल मैत्रिणींबरोबर जाऊ दे किंवा ताट घेऊन आरामात टेबलावर बसू दे.

हिशोबच बघा ना. एरवीच्या दिवशी सकाळी ७ ते ८.३० आणि दुपारी ३ ते ७ असे साडेपाच तास धरले तर पाच दिवसांचे होतात साडेसत्तावीस, कोणाला काहीच त्रास नाही. पण न्यू जर्सीत नोव्हेंबरच्या सुरुवातीला शिक्षकांचं कन्व्हेन्शन असतं अटलांटिक सिटीत, त्यासाठी गुरुवार-शुक्रवार शाळा बंद. म्हणजे तीन दिवसांचे साडेसोळा आणि दोन दिवसांचे दहा-दहा, झाले साडेछत्तीस. शनिवारी संध्याकाळी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम असेल आणि ५ ते ११ मुलं तिच्याकडे असतील तर साडेबेचाळीस. रविवारी 'जरा तीन तास बघ हं, आम्ही ग्रोसरी करून येतो' म्हटलं की साडेपंचेचाळीस, मर्यादा ओलांडली आणि तिची दीड दिवसाची सुट्टीही गेली! कोणी मुद्दाम केलेलं नसतं, पण झालेलं असतं. आणि मागच्या आठवड्यात कमी काम होतं म्हणून या आठवड्यात जास्त घेऊ असं चालत नाही, तास पुढे ढकलता येत नाहीत. कन्व्हेन्शनशिवाय ऑक्टोबरातला कोलंबस डे, कुठे कुठे इलेक्शन डेची सुट्टी, ११ नोव्हेंबरचा व्हेटरन्स डे, काही डिस्ट्रिक्टमध्ये ज्यूंच्या सणांची आणि आता दिवाळीचीही सुट्टी, न्यूयॉर्क शहरात तर २०२४ मध्ये दिवाळीला पहिल्यांदा सगळ्या सरकारी शाळा बंद होत्या. आपल्याला आनंदच आहे, पण शाळेची प्रत्येक सुट्टी म्हणजे ऑ पेअरचा दहा तासांचा दिवस, हे लक्षात असू द्या. शाळेचं कॅलेंडर ऑगस्टमध्येच हातात येतं, त्याच दिवशी तिच्याबरोबर बसून या तारखांवर खुणा करा.

आणखी एक गोष्ट, आणि ही खास आपल्या घरांची. दिवाळीच्या सुमारास भारतातून आई-बाबा, सासू-सासरे आलेले असतात. त्यांना ऑ पेअर म्हणजे काय हे कोणी नीट सांगितलेलं नसतं, त्यामुळे त्यांच्या नजरेत ती 'पोरं सांभाळायला ठेवलेली मुलगी' असते, मग फराळाची भांडी तिच्यापुढे जातात, चहाचे कप जातात. वडीलधाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही, हे सांगायचं काम मुलाचं-सुनेचं, लेकीचं-जावयाचं आहे, तेही ते विमानातून उतरल्यावर पहिल्या दिवशी. मी अशीही घरं बघितलीयत जिथे आजी त्या मुलीला शेजारी बसवून करंजीला मुरड घालायला शिकवतात आणि ती मुलगी आजींना पोर्तुगीजमध्ये आकडे शिकवते, दोघींना इंग्रजी धड येत नाही तरी तासन् तास गप्पा चालू. कल्चरल एक्सचेंज म्हणतात ते हेच असावं.

पण एक्सचेंज म्हटलं की दोन्ही बाजूंनी व्हायला हवं. आपण तिला रांगोळी काढायला लावतो, साडी नेसवतो, फोटो काढतो, पण तिचे सण कधी असतात हे विचारतो का? याच महिन्यांत असतात तेही. ब्राझीलमध्ये १२ ऑक्टोबर हा मुलांचा दिवस. मेक्सिकोची मुलगी असेल तर १ आणि २ नोव्हेंबरला गेलेल्या माणसांची आठवण काढतात, फोटो, झेंडूची फुलं, मेणबत्त्या मांडून, आणि झेंडू बघून आपली मुलं लगेच ओळख दाखवतात. जर्मनीत ११ नोव्हेंबरला सेंट मार्टिनच्या दिवशी मुलं कागदी कंदील हातात घेऊन गाणी म्हणत फिरतात. कोलंबियात ७ डिसेंबरच्या रात्री दारात, खिडकीत, रस्त्याच्या कडेने मेणबत्त्या लावतात. यातला एक तरी सण तुमच्या घरात तिच्या पद्धतीने होऊ द्या, तिला हवं ते सामान आणून द्या आणि मुलांना तिच्या हाताखाली काम करू द्या.

हॅलोवीनबद्दल दोन शब्द. ३१ ऑक्टोबरला ती मुलांना घेऊन घरोघर फिरणार असेल तर ती संध्याकाळ ड्युटीची. तिलाही कॉस्च्युम घालायचा असतो, विचारा तिला. मुलांमध्ये कोणाला शेंगदाण्याची किंवा नट्सची ॲलर्जी असेल तर कँडी घरी आणून, लेबल वाचून मगच खायची हे तिला आणि मुलांना दोघांनाही सांगून ठेवा, आणि अगदी लहान मुलांना कडक गोळ्या द्यायच्या नाहीत, घशात अडकतात. दारात निळसर-हिरवा भोपळा ठेवलेला दिसला तर त्या घरी खाऊऐवजी छोटी खेळणी, स्टिकर वगैरे मिळतात, ॲलर्जीवाल्या मुलांसाठी ती खूण असते, नव्या मुलीला ही कुठून माहीत असणार.

पैशाचंही बोलायला हवं. ॲपल पिकिंग, कॉर्न मेझ म्हणजे मक्याच्या शेतातला भुलभुलैया, भोपळ्यांचं शेत, सगळीकडे आता तिकीट असतं, वर सफरचंदांच्या पिशवीचे वेगळे, सायडर डोनटचे वेगळे. ती मुलांना घेऊन जाते तेव्हा तिचं तिकीटही होस्टनेच काढायचं, आठवड्याला दोनशे डॉलरही हातात न येणाऱ्या मुलीने तुमच्या मुलांसाठी स्वतःच्या पर्समधून काढायचे नाहीत. निघताना रोख द्या नाहीतर कार्ड द्या, मागायला लावू नका. तिच्या सुट्टीच्या दिवशी कमी खर्चात बघण्यासारखंही भरपूर आहे, उत्तरेला डेलावेअर वॉटर गॅपला ऑक्टोबरच्या मध्यापासून शेवटापर्यंत झाडं पूर्ण रंगात असतात, आणि दक्षिणेला पाइन बॅरन्समध्ये क्रॅनबेरीची काढणी चालू असते, शेतात पाणी भरतात आणि फळं वर तरंगतात, अख्खं शेत लालभडक दिसतं. ज्या मुलीला थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर क्रॅनबेरी सॉस वाढणार तिला ही शेतं आधी दाखवा, मुलांनाही घेऊन जा.

शेतावरून, पाल्याच्या ढिगात खेळून आलं की मुलांच्या अंगावर टिक म्हणजे गोचीड आहे का ते बघायचं, थंडी पडली म्हणून त्या जात नाहीत, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मोठ्या टिक चांगल्याच फिरत असतात आणि आमच्या भागात त्यांच्या चावण्याने होणारा लाइम डिसीज आहे. ती गाडी चालवत असेल तर याच दिवसांत तिच्या शेजारी बसून पुन्हा एकदा चक्कर मारा. ओला पाला निसरडा असतो, हरणं या दोन महिन्यांत संध्याकाळी आणि पहाटे सर्वात जास्त रस्त्यावर येतात, एक गेलं की मागून दुसरं येतं, आणि हरीण वाचवायला स्टिअरिंग जोरात फिरवायचं नाही, लेनमध्ये राहून ब्रेक मारायचा. गरम देशातून आलेल्या मुलीला जॅकेट कुठलं घ्यायचं तेही कळत नाही, तिला एकटीला दुकानात पाठवण्यापेक्षा बरोबर जा.

आता थँक्सगिव्हिंग. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. लिंकनने १८६३ मध्ये राष्ट्रीय पातळीवर हा दिवस जाहीर केला आणि १९४१ च्या कायद्याने चौथा गुरुवार पक्का झाला, हे मुलांना शाळेत शिकवतातच. त्याबरोबर हेही सांगा की इंग्लंडहून आलेल्या वसाहतवाल्यांनी जिथे वस्ती केली त्या मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथला १९७० पासून मूळ रहिवासी त्याच दिवशी राष्ट्रीय शोकदिन पाळतात, देश समजून घ्यायला आलेल्या मुलीला दोन्ही बाजू कळू देत. बुधवारी बऱ्याच शाळा अर्धा दिवस, गुरुवार-शुक्रवार बंद, म्हणजे पुन्हा तोच हिशोब. इतक्या जवळ राहून तिला न्यूयॉर्कची मेसीज या मोठ्या दुकानाची परेड बघायची असते, ती १९२४ पासून चालू आहे, आणि आदल्या दिवशी नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या आसपास ते अवाढव्य फुगे भरताना बघायला मिळतात, गर्दी असते पण मजा येते. बुधवारची संध्याकाळ किंवा गुरुवारची सकाळ, यातलं एक तरी तिला मोकळं द्या.

लाँग विकेंडला तिला घेऊन नायगाराला जाणार असाल तर कॅनडाच्या बाजूला जाण्याआधी तिच्या पासपोर्टला कॅनडाचा व्हिसा लागतो का बघा, आणि तिच्या डीएस-२०१९ फॉर्मवर (जे-१ व्हिसाचा मुख्य कागद) तिला इथे आणणाऱ्या एजन्सीची ट्रॅव्हलची सही आहे का तेही बघा, नाहीतर परत येताना अडचण होते. आणि ट्रिपमध्ये ती मुलं सांभाळत असेल तर ते तिचं काम झालं, तिच्या दोन आठवड्यांच्या रजेतून ते दिवस कापायचे नाहीत.

थँक्सगिव्हिंगला ती कुठे असणार हे दिवाळीचे पाहुणे गेल्या गेल्या तिच्याशी बोलून ठरवा. विमानाची, बसची तिकिटं त्या आठवड्यात प्रचंड महाग होतात, आणि दुसऱ्या राज्यातल्या मैत्रिणीकडे जायचं असेल तर तिला ते आधीच बुक करावं लागतं.

आपली,
न्यू जर्सीतली एक वाचक