हमिंग घालवण्यासाठी आर्थिंगची पिन तोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणेशोत्सव जवळ आला की डीजेच्या आवाजाची चर्चा आपल्या वृत्तपत्रात सुरू होते आणि 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम, रात्री दहाची मर्यादा, निवासी भागासाठी दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल हे सारे आता वाचकांना पाठ झाले आहे. ही चर्चा आवश्यकच आहे. परंतु हीच यंत्रणा मंडपात कशी जोडली जाते याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. ध्वनियंत्रणा जोडणे व दुरुस्त करणे हा माझा व्यवसाय आहे आणि या कामात रुळलेली एक सवय जिवावर बेतणारी आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

लॅपटॉप मिक्सरला (वेगवेगळे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्राला) आणि मिक्सर अँपला (अँप्लिफायरला) जोडून झाला की स्पीकरमधून पुष्कळदा सलग घरघर ऐकू येते. तिला आम्ही हमिंग म्हणतो. ती घालवण्याचा झटपट उपाय म्हणून प्लगमधील आर्थिंगची जाड पिन तोडली जाते, किंवा प्लगच काढून टाकून दोन उघड्या तारा सॉकेटमध्ये खोचल्या जातात. हमिंग तात्काळ थांबते, आणि थांबते म्हणूनच हा उपाय एका मुलाकडून दुसऱ्या मुलाकडे जातो. मात्र त्या क्षणापासून अँपच्या लोखंडी पेटीला कोणतेही संरक्षण उरत नाही. आत फेजच्या, म्हणजे वीज घेऊन येणाऱ्या तारेचे आवरण झिजून ती पेटीला टेकली, तर ती वीज ऑडिओ केबलमध्ये तारेभोवती असलेल्या धातूच्या जाळीतून मिक्सरवर आणि तिथून माइकच्या धातूच्या जाळीवर येते. भाद्रपदातील पाऊस, ओली जमीन आणि आरतीसाठी अनवाणी उभा राहून माइक धरणारा माणूस यांचा विचार केला, तर यापेक्षा वाईट जुळणी मला सुचत नाही. एकाच अँपची पिन तोडली असेल आणि मिक्सरची शाबूत असेल, तर बिघाडाचा सगळा प्रवाह केबलच्या त्या बारीक जाळीतून जातो आणि केबल जळते.

मुळात हमिंग येते कुठून? मिक्सर एका बोर्डावर आणि अँप दुसऱ्या बोर्डावर लावलेला असतो, दोन्हीकडच्या आर्थिंगच्या विद्युतदाबात थोडा फरक असतो, आणि त्या फरकामुळे दोन्ही उपकरणांना जोडणाऱ्या ऑडिओ केबलच्या जाळीतून 50 हर्ट्झचा प्रवाह वाहू लागतो. आरसीए केबलमध्ये (लाल-पांढऱ्या गोल पिनांच्या नेहमीच्या ऑडिओ केबलमध्ये) जाळी हाच सिग्नलचा परतीचा मार्ग असल्यामुळे तो प्रवाह गाण्यात मिसळतो. दोष सिग्नलच्या केबलमध्ये आहे आणि उपायही तिथेच करायचा असतो, विजेच्या प्लगमध्ये कधीच नाही.

बहुतेक डीजे मिक्सरच्या मागे मास्टरसाठी, म्हणजे मुख्य आउटपुटसाठी, तीन पिनांचे एक्सएलआर सॉकेट असतात, तरीही बाजारात तयार मिळते म्हणून मंडपभर लांबीची आरसीए केबल ओढलेली मी नेहमी पाहतो. आरसीए चार-पाच मीटरपर्यंतच ठीक आहे. एक्सएलआरमध्ये एकच सिग्नल एका तारेवरून सरळ आणि दुसरीवरून उलटा करून पाठवला जातो आणि अँप त्या दोहोंतील फरकच घेतो, त्यामुळे वाटेत दोन्ही तारांवर सारखीच बसलेली घरघर आपोआप वजा होते. लॅपटॉपचा चार्जर काढताच हमिंग थांबले, तर दोष त्या जोडणीत आहे हे निश्चित समजावे आणि लॅपटॉप व मिक्सर यांच्यामध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा डीआय बॉक्स (सिग्नल पुढे देताना हमिंगचा मार्ग तोडणारे उपकरण) लावावा. डीआय बॉक्सवरील ग्राउंड लिफ्टचे बटण केवळ सिग्नलची जाळी तोडते, विजेच्या आर्थिंगला ते हात लावत नाही, म्हणून ते खुशाल वापरावे. शक्य असेल तिथे मिक्सर, लॅपटॉप आणि अँप यांना एकाच वितरण बोर्डावरून वीज द्यावी.

आणखी एका कारणाकडे तर जवळजवळ कोणाचेच लक्ष नसते. डीजे मिक्सरच्या चॅनेलवर फोनो आणि लाइन असा स्विच असतो. फोनो हे टर्नटेबलसाठी, म्हणजे रेकॉर्ड वाजवणाऱ्या यंत्रासाठी आहे. रेकॉर्डच्या सुईतून जेमतेम चार-पाच मिलिव्होल्ट येतात, म्हणून तो भाग सिग्नल सुमारे 100 पट वाढवतो आणि रेकॉर्ड कापताना कमी केलेला बेस भरून काढण्यासाठी खालचे स्वर त्याहूनही अधिक उचलतो; 50 हर्ट्झपाशी ही वाढ 700 पटींच्या घरात जाते. लॅपटॉप चुकून फोनोवर राहिला, तर गाणे फाटते आणि नेमकी हमिंगच सर्वाधिक वाढते. अशा वेळी स्विच लाइनवर नेला की काम होते, पण पक्कड आधी पिनेकडे वळते. टर्नटेबल खरोखरच लावले असेल, तर त्याची वेगळी बारीक तार मिक्सरमागच्या ग्राउंड स्क्रूला आवळावी. तो स्क्रू प्लगच्या आर्थिंगची जागा घेऊ शकत नाही.

मंडळांनाही माझी कळकळीची विनंती आहे. महावितरण दरवर्षी अधिकृत तात्पुरती वीजजोडणी घेण्याचे आवाहन करते, ते पाळावे. जनरेटर असेल तर त्याचेही आर्थिंग जाणकाराकडून तपासून घ्यावे, आणि ध्वनियंत्रणेच्या बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्यावा. आर्थिंग शाबूत असेल तर तो बिघाड होताच वीज तोडतो. पिन तोडलेली असेल तर मात्र माणसाच्या शरीरातून प्रवाह जाईपर्यंत त्याला बिघाड कळतच नाही. वर्गणीतून ध्वनियंत्रणा ठरवताना किती बेस आणि किती टॉप स्पीकर हे विचारले जाते. त्याच वेळी प्रत्येक प्लगला तिसरी पिन आहे का, हे कार्यकर्त्यांनी स्वतः पाहावे.

ही कामे करणारी मुले मेहनती आणि हुशार आहेत. त्यांना हे कोणी पद्धतशीर शिकवलेले नाही, इतकेच. तालुक्यातालुक्यांत आयटीआय आहेत, तिथे इलेक्ट्रिशियनचे शिक्षक आणि कार्यशाळा आहेत. उत्सवाच्या महिनाभर आधी डीजे व्यावसायिकांसाठी जोडणीचा एक दिवसाचा वर्ग आयटीआयमध्ये घ्यावा आणि मिरवणुकीची परवानगी देताना प्रशासनाने ध्वनियंत्रणेच्या आर्थिंगच्या तपासणीचा दाखला मागावा, अशी माझी आपल्या वृत्तपत्रामार्फत मागणी आहे.

आपला,
एक ध्वनियंत्रणा तंत्रज्ञ, सांगली