'गाडीला हात लावू नकोस' म्हणणाऱ्या काकांना

ती. स्व. काकांना,
सा. न. वि. वि.

नाव लिहायचं नाही, ही तुमची अट पाळते आहे. पण आभार चारचौघांतच मानायचे आहेत. 'जुनी गाडी घेतली की असंच होतं, सोडून दे' असं मला सांगणारे पुष्कळ होते, त्यांनीही हे वाचावं.

फेब्रुवारी २०२२ मध्ये मी पुण्यातल्या एका डीलरकडून ३ लाख ४० हजारांना गाडी घेतली. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला कोरेगावहून साताऱ्याला न्यावं लागतं. परतताना तिला एसटीत बसवत नसे, म्हणून. जाहिरातीत होतं, '४२ हजार किलोमीटर, अपघात नाही'. तिसऱ्या आठवड्यात पुण्याला तपासणीसाठी निघालो आणि खंबाटकी घाटात गाडी बंद पडली. आई भर उन्हात रस्त्याच्या कडेला दोन तास बसून होती. ते मी विसरू शकत नाही.

आमच्या मेकॅनिकदादांनी पायाखालचं कार्पेट उचललं, तर खाली वाळलेला लाल चिखल. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, तर पट्ट्यावर पाण्याची रेघ. जुलै २०२१ च्या पुरात गाडी चिपळूणला बुडाली होती. सर्व्हिस सेंटरच्या जुन्या जॉब कार्डावर ८७ हजार किलोमीटरची नोंद निघाली. डीलर म्हणाला, "ताई, 'जशी आहे तशी' लिहिलेल्या कागदावर सही आहे तुमची. केस करायची तर पुण्यात या."

मी तुमच्याकडे रडत आले होते. तुम्ही पाणी दिलंत आणि पहिलंच विचारलंत, "दुरुस्त तर नाही ना केलीस? गाडीला हात लावू नकोस. पुरावा तीच आहे." दुसऱ्या दिवशी इंजिन उघडायचं ठरलं होतं, काका. उघडलं असतं तर माझ्या हातात काही उरलं नसतं.

मग ती दोनशे पानी वही. तारीखवार सगळं माझ्याच हाताने लिहायला लावलंत: कोण काय बोललं, पैसे कसे दिले. जाहिरातीचे आणि व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट, ते खरे असल्याचं तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र, मेकॅनिकदादांचं शपथपत्र. नोटिशीचा मसुदा तुम्ही तीनदा परत केलात, कारण मी रागाने लिहीत होते. "राग काढ, तारखा ठेव," म्हणालात.

'पुण्यात या' हे ऐकून मी खचले होते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही तक्रार करता येते, हे तुम्ही कलम ३४ उघडून दाखवलंत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रारीला मुदत दोन वर्षांची. आणि 'जशी आहे तशी' या ओळीबद्दल म्हणालात, "दिसणाऱ्या ओरखड्यांसाठी ती ठीक आहे. लपवलेल्या पुरासाठी आणि मागे फिरवलेल्या मीटरसाठी नाही." ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे शब्द मी तेव्हा प्रथम ऐकले.

कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल, तपासणी लागली तर पाच. आपल्याला एकोणीस लागले. मध्यस्थीही फिसकटली. प्रत्येक तारखेला तुम्ही मागच्या बाकावर येऊन बसायचात, बोलायचं मात्र मीच. पहिल्यांदा आयोगासमोर माझा आवाज फुटेना. मागे वळून पाहिलं, तर तुम्ही फक्त वहीकडे बोट केलंत. मी तारखा वाचायला लागले आणि वाचतच गेले.

निकाल लागला: गाडी परत घ्या, पूर्ण रक्कम व्याजासह द्या, मानसिक त्रासाचीही भरपाई. तरी डीलर हलेना. आदेश मोडला तर कलम ७२ खाली तुरुंगवासही होऊ शकतो, असं पत्र गेल्यावर पैसे आले.

कंदी पेढे घेऊन आले, तर तुम्ही दोनच घेतलेत आणि उरलेला पुडा मेकॅनिकदादांना द्यायला सांगितलंत. दिला. त्यांनी शपथपत्र नसतं केलं तर काय झालं असतं, हे मलाही ठाऊक आहे.

आलेल्या पैशांत थोडी भर घालून आम्ही ओळखीतल्या मास्तरांची गाडी घेतली. आई आता पुढच्या सीटवर बसते. तुम्ही जेवायला कधी येणार, असं रोज विचारते. मंगळवार-शुक्रवार डायलिसिस असतं, म्हणून रविवारी या. काकूंनाही घेऊन या.

तुमची,
कोरेगावची लेक